बिब्ब्याचा डाग

जळगावच्या जनावरांच्या डॉक्टरावर माझा भरवसा नव्हता. त्याने आमच्या कुत्रीच्या मानेत तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवली, रेबीजची लस टोचली आणि महिन्याने रक्त काढून तपासायला परदेशी धाडलं. वर आणखी तीन महिने थांबा म्हणाला. आठवीतून शाळा सुटलेली मी. सांगतील तिथे सही करायचे आणि घरी येऊन घाबरायचे. रक्त हिचंच गेलं असेल ना? नवरा जर्मनीत वेल्डर, मी कुत्रीला घेऊन त्याच्याकडे राहायला निघालेली. तो म्हणायचा, "राहू दे तिला तिकडेच." पण ती लग्नाआधीपासून माझ्याजवळ. तिला टाकून मी निघणार नव्हते.

पाचोऱ्याहून निघायच्या आदल्या दिवशी आईने बिब्बा दिव्यावर तापवला. दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या तेलाचा एक ठिपका माझ्या मनगटावर दिला, एक कुत्रीच्या पोटावर. तेवढ्यावर मात्र मी शंका घेतली नाही.

बिब्बा दोघींनाही उतला, कातडी भाजल्यासारखी झाली. जर्मनीच्या विमानतळावर तपासणीच्या डॉक्टरीणबाईंनी चिप जुळवली, कागद पाहिले, मग कुत्रीला उताणी केली. काळा डाग, भोवती फोड. त्यांनी हातमोजे चढवले. तेवढ्यात माझं मनगट त्यांना दिसलं आणि त्या मागे सरकल्या. बाहेर थांबलेल्या नवऱ्याला आत बोलावलं. तो त्यांचं ऐकून मला म्हणाला, "त्वचेचा रोग निघाला तर कुत्रीला परत पाठवतील."

मी आईला व्हिडिओ फोन लावला.

"हाऊ बिब्बा शे, रोग नही शे. मीच लायेल शे," आई म्हणाली. मग हळूच, "त्या बाईनी तिले काही टोचं नही ना?"

हा शेवटचा प्रश्न सोडून, रोग नाही, बिब्बा आहे, आईनेच लावलाय, एवढं नवऱ्याने बाईंना जर्मनमध्ये सांगितलं. बाईंना ते पटलं नाही. तेव्हा आईने फोन भिंतीला टेकवला, पुन्हा बिब्बा तापवला आणि आमच्यादेखत स्वतःच्या मनगटावर ठिपका दिला. बाईंनी पडद्यावरचा ठिपका पाहिला, माझा पाहिला. कुत्रीच्या पोटावरची खपली काढून आत नेली, भिंगाखाली बघितली. बऱ्याच वेळाने आल्या आणि कागदावर शिक्का मारला.

त्यांच्या जागी मी असते तर फोनवरच्या म्हातारीवर विश्वास ठेवला नसता. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पिंजरा उघडताच कुत्री माझं मनगट चाटायला धावली. मी हात मागे घेतला. तिच्या जिभेला बिब्बा उतला असता तर?