बैल वाळून राह्यले

माझ्या भाऊजींइतका बिनकामाचा माणूस अख्ख्या झरी जामणी तालुक्यात दुसरा नाही, असं मी कितीतरी वर्षं ज्याला त्याला छातीठोकपणे सांगत आले. ताईचं लग्न ठरलं तेव्हा मुलाची मुकुटबनला स्वतःची पिठाची चक्की आहे, एवढं ऐकूनच घरचे खूश झाले. माणूस कसा आहे ते कुणी विचारलं नाही. माणूस असा, की भुवयांपासून चपलांपर्यंत बारा महिने पांढरा. कुणाच्या डब्यात कसला गहू आहे ते नुसत्या वासावरून सांगणार, पण स्वतःच्या शर्टाची बटणं खालीवर लागली आहेत हे त्याला दुसऱ्यानं सांगावं लागायचं. आणि गावाला पीठ पुरवणाऱ्या या गृहस्थाला कणीक मळता येत नव्हती. ते कळलं ताई गेल्यावर.

ताई काविळीनं गेली तेव्हा थोरला सहा वर्षांचा होता आणि धाकटी चारची. तेराव्याची माणसं पांगली आणि भाऊजींनी आयुष्यात पहिल्यांदा परात पुढ्यात घेतली. मूठभर मीठ टाकलं, की टाकल्याचं विसरून पुन्हा टाकलं, देव जाणे. त्या पोळ्या कुत्र्यानंही हुंगून सोडल्या. उरलेल्या कणकेचा धाकटीनं बैल केला, तो चार दिवसांत दगडासारखा वाळला, आणि भाऊजींना जन्माचं काम सापडलं. तेव्हापासून स्वयंपाक शेजारणींच्या दयेवर, बैलांची कणीक मात्र रोज. दोन वाटी पीठ, एक वाटी मीठ, पाणी अंदाजे. पीठ म्हणजे चक्कीखालची झाडण, गावभरच्या दळणांची सरमिसळ. "हे शिंग पाटलाच्या घरच्या बेसनाचं हाये," ते लेकरांना गंभीरपणे समजावून सांगायचे. "अन हे पाय ज्वारीचे, म्हणून तडकून राह्यले. पायाले गहूच पाह्यजे."

बारीक मीठ पुरेना, म्हणून एकदा त्यांनी खडेमीठ थेट चक्कीतच घातलं. त्यानंतर दळलेली पहिली ज्वारी सरपंचांच्या आईची, आणि तिला बीपी. म्हातारी भाकरीचा तुकडा हातात धरून चक्कीवर आली, तर हे म्हणतात, "भाजीत नोका टाकू ना मंग मीठ." केलेले बैल, चिमण्या, चूल-भांडी वाळवायला मोटरीवर पत्रा ठेवायचे. पावसाळी दिवसांत पट्टा काढून नुसतीच मोटर चालवायचे. आवाज ऐकून बाया डबे घेऊन आल्या की दारातूनच सांगायचे, "आज दळण नाही. बैल वाळून राह्यले."

मी दर महिन्याला पुसदहून जायची आणि गेल्या गेल्या पदर खोचून घर झाडायला घ्यायची. फरशीवर मीठ, गादीवर मीठ, लेकरांच्या केसांत पीठ. एकदा माझा तोल सुटला. म्हटलं, "भाऊजी, सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, तुमच्या आईनं शिकवलं नाही का?" त्यांनी बैलाच्या शेपटीवरची नजरही काढली नाही. लेकरांच्या तोंडानं तेही मला मावशीच म्हणायचे. म्हणाले, "येचू ना मावशी. तुमची ताई तिथंच हाये. दोघं मिळून येचू." मला त्या बोलण्याचा भयंकर राग आला. माझी बहीण गेली होती, आणि हा माणूस तिच्याबद्दल बाजाराला गेल्यासारखं बोलत होता.

मग तान्हा पोळा आला. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरं लाकडाचे बैल सजवून मिरवायला नेतात. भाऊजींच्या लेकरांचे बैल अर्थातच मिठाचे, पाटावर उभे केलेले. आठवडाभर झड लागलेली. मीठ हवेतली ओल पितं, हे चक्कीवाल्याला कळू नये? मारुतीच्या पारापर्यंत पोचेस्तोवर धाकटीच्या बैलाला पाणी सुटलं आणि सगळ्यांदेखत त्याचे पुढचे पाय दुमडले. पोरं हसली, बायाही हसल्या. धाकटीनं भोकाड पसरलं. भाऊजी तिच्यापुढे चिखलात बसले आणि म्हणाले, "रडू नोको माय. थकला तो, बसला. बसू दे त्याले."

मी तिथंच, पारापुढे, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लेकरं अशी वाढत नसतात. धाकटीला मी नेते." माझ्या घरी मूल नव्हतं, हेही त्यामागं होतं. ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. भाऊजी भांडले असते तर बरं झालं असतं. मीही भांडले असते आणि कदाचित हरले असते. पण त्या बिनकामाच्या माणसानं मुकाट्यानं तिची पिशवी भरली, तो बसका बैल मोटरीवर वाळवला, आणि पिठाच्या डब्यात पुरून डबा माझ्या हातात दिला. "पिठात ठेवजा, ओल नाही लागत." एसटी सुटताना खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "झोपतानी माहा अंगठा धरते ते. तेवढं ध्यानात ठेवजा."

याला आता तीन वर्षं झाली. पुसदला धाकटीला चांगली शाळा आहे, स्वच्छ कपडे आहेत, वेळेवर जेवण आहे. दुकानातून रंगीत माती आणली, तिला तिनं हात लावला नाही. झोपताना मी माझा अंगठा पुढे करून पाहिला, तोही तिनं धरला नाही. डब्यातलं पीठ मी पहिल्याच आठवड्यात फेकून दिलं आणि बैल शोकेसमध्ये ठेवला. पावसाळ्यात त्याला पुन्हा पाणी सुटलं, तेव्हा तिनं तो गुपचूप माझ्या कणकेच्या डब्यात पुरला. पाहुणे जेवायला बसले होते आणि पोळ्या खारट. मी तिला एक चापट मारली. आजवर मारलेली ती एकच, पण दोघींच्याही लक्षात आहे.

दिवाळीत, उन्हाळ्यात मी तिला चार दिवस बापाकडे नेऊन आणते. तान्ह्या पोळ्याला मात्र कधी नेलं नाही. म्हणून दर वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी कंडक्टरच्या हाती एक डबा येतो. पिठात पुरलेला नवा बैल. चिठ्ठी नसते, तक्रार नसते. यंदाच्या बैलाचा मागचा पाय वाटेत तुटला. मी म्हटलं, "राहू दे, लाकडाचा आणू." धाकटीनं त्याच डब्यातलं दोन चमचे पीठ घेतलं, एक चमचा मीठ घेतलं, बोटानं पाणी लावून पाय बसवला आणि बैल माझ्या हातात दिला. "मावशी, दाबून धर. वाळेपर्यंत सोडायचं नाही."

मी धरून बसले. अर्धा तास, पाऊण तास. ती शेजारी बसून पायाकडे बघत होती. मधेच म्हणाली, "बाबा मोटर लावते ना, मंग लवकर वाळते." मी बरं म्हटलं. बोटं आखडली होती, पण मी पाय सोडला नाही.

परवा तान्हा पोळा आहे. मी तिला घेऊन मुकुटबनला जाणार आहे, तिची पिशवी भरून ठेवली आहे. किती कपडे घालायचे ते ठरेना, म्हणून सगळेच घातले. तिथून माझ्यासोबत परत येशील का, असं तिला निघायच्या आधी विचारायचं आहे. ती काय म्हणेल ते मला माहीत आहे. म्हणून अजून विचारलं नाही.