उन्हाची गोळी

दहिसरच्या आमच्या चाळीत तळमजल्याला राहणारे मालवणी आजोबा रोज सकाळी उघड्या अंगाने अंगणात बसायचे. ऊन सरकलं की प्लास्टिकची खुर्ची सरकवायचे. शेजारी रंगाच्या बादलीत लावलेला कढीपत्ता होता, तीही बादली ओढून घ्यायचे. दोघांचं ऊन एकच.

मग समोर टॉवर उठला. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘घराघरात भरपूर सूर्यप्रकाश’. आमच्या अंगणात सावली पडली ती कायमची. आजोबा तरी तिथेच, उघडेबंब.

“आजोबा, ऊन कुठंय?”

“आसा ना. त्या टावराच्या पाठीमागे आसा.”

पाय दुखायला लागले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, हाडं ठिसूळ झालीत, व्हिटॅमिन डी घ्यावंच लागेल. गोळ्या मीच आणून दिल्या. पाकीट उलटसुलट करत आजोबा म्हणाले, “आता उन्हाची पण गोळी करून विकतत?” आणि माझ्यासमोर एक गोळी चुरडून बादलीत टाकली. “आधी हेका देवन बघतंय. हेका लागू पडली तर मियां घेतंय.”

मी हसलो. ते हसले नाहीत. एकेक करून सगळ्या गोळ्या मातीत गेल्या. “अहो, झाडाला कसली गोळी?” म्हणून मी ओरडलोसुद्धा. कढीपत्ता पिवळा पडला, मग नुसत्या काड्या राहिल्या. आजोबांनी रिकामं पाकीट माझ्या हातात ठेवलं.

“हेका नाय लागली, माका काय लागतली?”

पुढे ते मोरीत घसरले आणि खुबा मोडला. आता त्यांची खाट आतल्या खोलीत आहे. तिथे भर दुपारी दिवा लावावा लागतो.