तिसऱ्या गाण्यातली हलगी

आमची कॅसेट आता पुन्हा निघते आहे. काढणाऱ्या मुलांनी मला तिच्याविषयी लिहायला सांगितलं. तिसऱ्या गाण्यावर जास्त लिहा, असंही म्हणाले. त्या गाण्यात मध्येच गिटार थांबते आणि हलगी सुरू होते. बेळगावच्या पोरांनी रॉकमध्ये हलगी आणली, असं लोक आजही सांगतात. आमच्या ड्रमरनं ती हौसेनं वाजवली, असं मीही वर्षानुवर्षं सांगत आलो. ते खरं नाही.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. आम्ही कॉलेजातली मुलं. गोव्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून चार ट्रॅकचं, म्हणजे चार वाद्यं वेगवेगळी भरता आणि पुसता येणारं, रेकॉर्डिंग मशीन मागून आणलं. लोंढ्याला गाडी बदलताना ते हमालाच्या हातात द्यायचीही भीती वाटली. सुट्टीत एका शाळेचा हॉल मिळाला. खिडक्यांना गाद्या लावून गाणी भरायला बसलो. मशीन परत करायची वेळ आली तरी तिसरं गाणं मध्यावर लंगडत होतं. मी खडेबाजारातून एक हलगी आणून ड्रमरसमोर ठेवली.

तो निपाणीचा. त्याच्या घराण्याकडे मूळ गावात हलगी वाजवण्याचं काम होतं. मिरवणूक असो की मयत, बोलावलं की जायचं. धम्मदीक्षा घेतल्यावर त्याच्या वडिलांनी ते बंद केलं. गावानं त्यांचं पाणी तोडलं, तेव्हा ते निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला आले. हे सगळं त्यानंच मला सांगितलं होतं. माहीत असून मी हलगी आणली.

"उचल ती," तो म्हणाला. "आप्पाला कळलं तर घरात घेणार न्हाय."

"मग ताल कसा पायजे ते तूच दाव. आमाला तर घावंना झालाय."

तो बाहेर जाऊन आला. मग कागद पेटवून त्यानं कातडं ताणायला हलगी शेकली.

"एकदाच वाजवतो. त्यावर ड्रम भरतो. मग ही पूस. व्हय म्हण."

"व्हय."

वाजवताना त्यानं आमच्याकडे पाहिलं नाही. मग त्याच तालावर ड्रम भरले आणि तो घरी गेला. शेवटचं मिक्सिंग मी एकट्यानं केलं. हलगी काढून ऐकलं, ठेवून ऐकलं. ठेवली. त्याला कळवलं नाही.

कॅसेटी कोल्हापूरला तयार झाल्या. त्या घेऊन येताना कर्नाटकाच्या हद्दीवर, कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसांनी बस थांबवली; सीमावादामुळे ते भाषणांच्या कॅसेटी शोधत होते. "काय हाय ह्यात? भाषणं न्हाईत न्हवं?" गाणी आहेत म्हटल्यावर सोडलं. जप्त केल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं.

निपाणीला ड्रमरच्या घरी गेलो, तर त्यानं शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर मांडूनच ठेवला होता.

"जरा बाहेर ये, बोलायचंय," मी म्हणालो.

"आधी ऐकू दे रं! आप्पा, बसा."

"डबडी बडवायला कॉलेजात घातला व्हय तुला?" असं म्हणत आप्पा हसत बसले. दुसऱ्या गाण्याला त्यांचं बोट गुडघ्यावर ताल धरू लागलं. मी कॅसेट बंद करू शकलो असतो. तिसरं गाणं लागलं, गिटार थांबली, आणि आप्पांचं बोटही थांबलं.

"कोण वाजवतंय?"

"भाड्यानं माणूस आणलावता," मी म्हणालो.

"हात माझ्या बाचा हाय." ते मुलाकडे बघत होते. "तुला मांडीवर घिऊन डब्यावर शिकवायचा. मी सोडवलं. पाणी तुटलं तरी सोडवलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी शब्द दिला होता, हे तो सांगू शकला असता.

"मीच वाजवली, आप्पा," तो म्हणाला.

त्यानंतर तो कधीच ड्रमवर बसला नाही. बापलेक कित्येक महिने बोलत नव्हते, असं मला दुसऱ्यांकडून कळलं.

गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे गेलो. बँकेतून तो निवृत्त झालाय. मूळ टेप माझ्याकडे आहे, हलगीचा ट्रॅक वेगळा आहे, काय करू, असं विचारलं.

"पूस म्हणून सांगितलं हुतं की तुला," तो म्हणाला. एवढंच.

"काका, गाणं मेलं की!" हलगीशिवाय गाणं ऐकवताच कॅसेट काढणारी मुलं ओरडली. मी त्यांच्यासमोरच मूळ टेपवरचा तो ट्रॅक पुसला. गाण्याच्या मध्यावर आता फक्त ड्रम ऐकू येतील. ते मात्र त्यानं हौसेनं वाजवले होते.