काठाला रफू असलेली साडी

माझी नात जुने कपडे फोनवर विकते. दोनदा घातलेला ड्रेस, एकदाच नेसलेली साडी, फोटो काढायचा आणि टाकायचा. घेणारी कुठल्या तरी दुसऱ्या गावात असते. दोघी एकमेकींना कधी पाहत नाहीत. परवा तिने मला विचारलं, आजोबा, तुमच्या काळी असं काही होतं का? मी होतं म्हणालो आणि विषय बदलला. कारण ती केस आठवली की मला अजून थकवा येतो. नोकरीत याहून भयंकर गुन्हे पाहिले, पण ते विसरलो.

तेव्हा मी कुंभकोणमला इन्स्पेक्टर होतो. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमचं घराणं तंजावरकडचं मराठी. घरात जुनी मराठी, उंबरठ्याबाहेर तमिळ. त्या गावात आमच्या लोकांची घरं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे कुणाच्याही घरी पोलीस म्हणून जाणं मला जड जायचं. या केसमधली दोन्ही घरं आमच्यातलीच होती. नावं कुणाचीच देत नाही.

तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, कावेरीला नवं पाणी आलेलं असतं. बायका चांगल्या साड्या नेसून, ताटात फुलं, हळद, काळे मणी घेऊन नदीची पूजा करायला घाटावर येतात. त्या दिवशी आमचा सगळा स्टाफ बंदोबस्ताला असायचा. त्याच गर्दीतून एका वर्षी एक तरुण सून नाहीशी झाली. सासू तिच्याबरोबर आली होती. सासूने सांगितलं की सून ताट घेऊन खालच्या पायरीवर गेली आणि परत आली नाही. ताट पायरीवर सापडलं. पाण्याला ओढ होती. पट्टीचे पोहणारे उतरवले, खालच्या गावांच्या ठाण्यांना कळवलं. प्रेत मिळालं नाही. बेपत्ता म्हणून नोंद झाली. मुलीच्या आईवडिलांनी तिरुवलंचुळीला, त्यांच्या गावी, दर्भाची प्रतिमा करून तिचे विधी उरकले. माझ्या दृष्टीने तो अपघात होता. दर आडीला एखादा व्हायचाच.

पुढे तै महिन्यात, म्हणजे संक्रांतीनंतर, लग्नं सुरू झाली. एका सकाळी स्टेशन डायरी पाहत होतो, तोच मुलीची आई एकटीच आली. ती आदल्या दिवशी तिरुविडैमरुदूरला ओळखीच्या एका लग्नाला गेली होती. तिथल्या नवरीच्या अंगावर तिच्या मुलीची लग्नातली साडी होती. लाखेच्या रंगाची, मोठ्या जरीकाठाची. मी म्हणालो, अशा साड्या इथे घरोघर आहेत. त्यावर तिने सांगितलं की मुलीच्या लग्नात होमातली ठिणगी काठाजवळ पडून भोक पडलं होतं. ते तिने स्वतः रफू केलं होतं, आणि मिळता धागा नव्हता म्हणून थोडा गडद वापरला होता. नवरीला कुंकू लावायला ती वाकली आणि रफू तिच्या डोळ्यांसमोर आलं.

"सासू म्हणाली होती, ती तीच साडी नेसून नदीला गेली," ती म्हणाली. "मग माझ्या पोरीच्या अंगावरून ती काढली कुणी?"

मी जुना जबाब काढला. सासूने तसंच सांगितलं होतं. त्या काळात सुनांना जाळल्याच्या, बुडवल्याच्या बातम्या रोज येत होत्या. मी गुन्हा खुनाचा नोंदवला.

नवरी लग्नानंतर माहेरी आली होती. पंचनाम्याला गेलो तेव्हा तिच्या आईने एवढीच विनंती केली की जीप दाराशी आणू नका. जीप देवळाच्या कोपऱ्यावर ठेवून आम्ही चालत गेलो. साडी जुनी आहे हे सासरी कुणाला माहीत नव्हतं. माहेरच्यांनी ती कुंभकोणमच्याच एका व्यापाऱ्याकडून टपालाने मागवली होती. व्ही. पी. आली की पोस्टमनला पैसे द्यायचे. गाव इतकं जवळ असून टपालाने का, असं मी विचारलं. दुकानात शिरताना कुणी पाहिलं असतं, असं नवरीची आई म्हणाली. आम्ही साडी कागदात गुंडाळून निघालो तेव्हा नवरी आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

व्यापाऱ्याची महामहम तळ्यामागच्या गल्लीत एक खोली होती. जुन्या पट्टुसाड्या, म्हणजे रेशमी जरीच्या साड्या, घ्यायच्या. फाटक्या असतील तर जाळून जरीतली चांदी काढायची. धड असतील तर रिठ्याच्या पाण्यातून काढून, कडक इस्त्री करून पुन्हा विकायच्या. तमिळ साप्ताहिकात तो बारीक जाहिरात द्यायचा. विकणाऱ्या बायका दुपारी रस्ता ओस असताना यायच्या आणि घेणाऱ्या कधीच यायच्या नाहीत. तो कुणाला नाव विचारत नसे. त्याच्या धंद्याचं सगळं भांडवल ते न विचारणं होतं.

आधी त्याने साडी मद्रासहून पार्सलने आल्याचं ठोकून दिलं. चोरीच्या मालाची भीती होती त्याला. मी त्याला बाकावर बसवून ठेवलं आणि माझी कामं करत राहिलो. मारहाणीपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. माणूस स्वतःशीच बोलायला लागतो. जेवणाच्या वेळेपर्यंत तो खरं सांगायला तयार झाला. एक वयस्क बाई स्वतः आली होती. नऊवारी नेसलेली, रायरांच्या घरातली वाटली. आमच्या मराठी लोकांना तिथे रायर म्हणतात. ती त्याच्या लक्षात राहिली, कारण इतर बायका भावासाठी घासाघीस करतात, तर हिने किंमत विचारलीच नाही. ही वितळवू नका, कुणाच्या तरी अंगावर जाऊ द्या, एवढंच तिने बजावलं होतं.

कधी आली होती, हे विचारल्यावर त्याने बोटांवर महिने मोजले. मग म्हणाला की आडी लागायच्या आधी. आडीत लग्नं नसतात. त्याआधीच्या शेवटच्या मुहूर्ताला साडी खपवायची त्याची धडपड होती, ती साधली नाही आणि माल पडून राहिला. म्हणून त्याला पक्कं आठवत होतं.

मी त्याच्याकडून ते पुन्हा वदवून घेतलं. सून नदीवर नाहीशी झाली आडीत, आणि साडी विकली गेली होती त्याआधी. म्हणजे सून ती साडी नेसून घाटावर गेलीच नव्हती. आणि विकणारी सासूच असेल, तर सून परतणार नाही हे तिला आधीच ठाऊक होतं.

साध्या कपड्यातल्या हवालदाराबरोबर व्यापाऱ्याला त्या घरावरून चालवत नेलं. ओट्यावर बसलेल्या सासूला त्याने लगेच ओळखलं. हे एकट्या म्हातारीचं काम नाही असं धरून त्याच संध्याकाळी मी तिच्या मुलाला पितळी भांड्यांच्या पेढीवरून अटक केली.

तो तिथे कारकून होता. दारू नाही, पत्ते नाहीत, हळू आवाजात बोलणारा. गल्लीत सगळे त्याला चांगलं म्हणायचे. बायकोला मारायचास का, असं विचारलं तर त्याने आधी मान हलवली, मग कधीतरी म्हणाला, मग रडायला लागला. बायको बुडाली यापलीकडे त्याला काही माहीत नव्हतं. खोटं रडणं मला एव्हाना ओळखू यायचं. तो खरंच रडत होता, आणि त्याने तिला मारलेलंही खरं होतं. त्याने खून केला असेल असं मला वाटेना. पण डीएसपींना आरोपी मिळाला होता आणि वर्तमानपत्रांना बातमी.

बाईची चौकशी तिच्या घरीच करायची असा कायदा आहे. मी महिला कॉन्स्टेबलला घेऊन दुपारी गेलो. सासू साठीच्या पुढची, विधवा, अंगाने अगदी काटकुळी. मी तमिळमध्ये विचारत होतो आणि ती खांबाला टेकून गप्प. साडी कुणी विकली? गप्प. सुनेला पाण्यात ढकलताना मुलगा बरोबर होता का? गप्प. तुमच्या मुलाला फाशी होऊ शकते, असं सांगितलं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले, पण बोलली नाही. असं गप्प राहणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. गुन्हेगार घाबरतात, निर्दोष चिडतात. ही नुसती वाट पाहत होती.

शेवटी उठता उठता मी म्हणालो की साडी आता सरकारजमा आहे. कुणा गरीब घरच्या नवरीच्या अंगावरची होती, तीही आम्ही आणली.

तिने डोळे उघडले आणि पहिल्यांदा मराठीत बोलली. "तिच्या लग्नातली साडी नेलीत?"

"न्यावी लागली, अम्मा."

"तिच्या सासरी कळलं?"

"कळलंच असेल."

ती खांबापासून पुढे सरकून बसली. मग म्हणाली, "त्या पोरीस शिक्षा काय म्हणून? मी असकं सांगते." असकं म्हणजे सगळं. माझी आजी हा शब्द वापरायची. महिला कॉन्स्टेबलला मराठी कळत नव्हतं, म्हणून पुढचं मी तिला तमिळमध्ये सांगत गेलो.

सून जिवंत होती. तिरुचीत बायकांच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला होती. तिला तिथे पाठवणारी सासूच होती. मुलगा लग्नानंतर दोनेक महिन्यांतच हात उचलायला लागला होता. सासू मध्ये पडली की तिलाही फटके बसायचे. तिचा स्वतःचा नवराही तसाच होता. सुनेला हातखर्चाला काहीतरी हवं, आणि घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं त्या साडीशिवाय काही नव्हतं. दोघींनी मिळून ठरवलं. नदीच्या दिवशी गर्दीतून सून साध्या साडीवर सरळ बस स्टँडला गेली. सासूने ताट खालच्या पायरीवर ठेवलं, बस सुटली असेल इतका वेळ वर बसून राहिली, आणि मग ओरडायला लागली. साडी कुठे गेली असं कुणी विचारेल, म्हणून ती नेसून गेली असं सांगितलं.

"पळून गेली म्हटलं असतं तर त्याने हुडकून काढली असती," ती म्हणाली. "मेलेल्यास कोण हुडकतं?"

"आणि तिची आई? तिने पोरीचं दिवसकार्य केलं."

"आईकडे ती दोनदा गेली होती. आईने दोन्ही वेळा समजूत घालून परत आणून सोडली."

मी तिला विचारलं की तुमचा मुलगा खुनाच्या आरोपाखाली आत आहे, तुम्ही आणखी किती दिवस गप्प राहिला असतात? बहुधा तिलाही ते माहीत नव्हतं.

तिरुचीला मी स्वतः गेलो. सून वसतिगृहाच्या मागच्या अंगणात चिंच कोळत होती. खाकी पाहून तिने भांडं खाली ठेवलं आणि परत जावं लागेल का, एवढंच विचारलं. मी सांगितलं की तू सज्ञान आहेस, तुला कोणी नेऊ शकत नाही, पण मॅजिस्ट्रेटसमोर येऊन जिवंत आहे असं सांगावं लागेल, नाहीतर तो माणूस न केलेल्या खुनासाठी तुरुंगात जाईल. तिने विचार करायला वेळ घेतला. त्याबद्दल मी तिला कधी दोष दिला नाही. मग हात धुऊन ती आली.

कोर्टात तिची आई होती. मुलगी दाराशी दिसताच ती उठली आणि तिथेच उभी राहिली. मला वाटलं होतं, धावत जाईल. मुलगी तिच्या शेजारून पुढे गेली आणि जबाब देऊन बाहेर आली, तेव्हा आईने तिचा दंड धरला आणि घरी चल म्हणाली. मुलीने हळूच हात सोडवून घेतला आणि पत्र टाकते म्हणाली. टाकलं की नाही ते मला कळलं नाही. नवऱ्याविरुद्ध छळाची फिर्याद देशील का, असं मी विचारलं होतं. पुन्हा कोर्टाची पायरी चढायला ती तयार नव्हती. साडी नवरीला परत द्या, असं मात्र तिने लिहून दिलं. तो हुकूम निघायला इतके महिने गेले की मुद्देमालाच्या खोलीत साडी घडीवर चिरली.

गुन्हा गैरसमजुतीने दाखल झाल्याचा अहवाल देऊन मी केस बंद केली. खोटी माहिती दिल्याबद्दल सासूला मॅजिस्ट्रेटने समज देऊन नाममात्र दंड केला. मुलगा सुटला. गल्लीने त्याची बाजू घेतली, कारण आता तो फसवला गेलेला नवरा होता.

पोलिसाला एक गुन्हा देतात आणि शोधायला सांगतात. मी जो शोधला तो घडलाच नव्हता. जो घडत होता त्याची फिर्याद माझ्या ठाण्यात कधी आली नाही. ती आली होती फक्त एका आईकडे, दोनदा, आणि एका सासूकडे. शहाणी माणसं संकट ओळखतात हे खरं, पण ओळखूनही परत पाठवतात. हे मी पुढे शेकडो घरांत पाहिलं. सासूसारखं माणूस मात्र पुन्हा भेटलं नाही.

सुटकेच्या दिवशी कोर्टाच्या आवारात ती मुलापासून थोडी दूर उभी होती. मी तिला विचारलं की कुणी बहीण, कुणी नातलग, काही दिवस जाण्यासारखं ठिकाण आहे का?

"मी कुठं जाऊ, अप्पा?" ती म्हणाली. "मज तर विकायला साडीपण नाही." आणि मुलाच्या मागोमाग चालायला लागली.

त्यानंतर बदली होईपर्यंत मी राउंडला निघालो की त्या घरापुढे जीप थांबवायचो. ताक मागायचो. मुलगा घरात असेल अशीच वेळ धरायचो. ती तांब्या घेऊन बाहेर यायची, मी तिच्या हातांवर वळ नाहीत ना ते पाहून घ्यायचो, ताक प्यायचो आणि निघायचो. मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. मग मदुरैला बदलीचा हुकूम आला. माझ्या जागेवर आलेल्या अधिकाऱ्याला चार्ज देताना मी त्याला त्या घराचं सांगितलं. त्याने कुठलं कलम, असं विचारलं. कलम काही नव्हतं.