सीतादहीला पायी

माझे सासरे, आमचे मामाजी, मुळात अबोल. आमच्या रोहणा गावात त्यांचा आवाज फक्त बैलांना ऐकू येतो, असं माझी सासू म्हणायची. ऐंशी सालानंतर कधीतरी त्यांचं हृदय कमजोर झालं. पायांवर सूज, चार पावलांत धाप. आम्ही मायेच्या माणसांनी त्यांना खाटेवर बसवलं, पाण्याचा गडवाही उचलू दिला नाही. सूज गोळ्यांनी उतरली, पण पोटऱ्या वाळल्या आणि धाप उलट वाढली.

आर्वीचे डॉक्टर आमच्यावरच चिडले. हृदय रक्त कमी ढकलतं, ते पायांना पुरत नाही. त्यात तुम्ही पाय बसवून ठेवले, ते आणखी दुबळे झाले. आता रोज थोडं चालवा, धाप लागली की थांबवा, म्हणाले.

मामाजींना चालायचंच होतं. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, ती सीतादही. ती त्यांनी कधी चुकवली नव्हती आणि बैलगाडीत बसून जायला ते तयार नव्हते. पण धापा टाकत रस्त्यात उभं राहायचं आणि गावानं कीव करायची? छे! त्यांनी युक्ती काढली. दम लागला की कुणाच्याही ओट्याशी थांबायचं आणि विचारायचं, "काय मंग, कपाशी कशी हाये?" हे विचारल्यावर आमच्याकडचा माणूस लवकर थांबत नाही. तो बोलायचा, मामाजी मान हलवत श्वास भरून घ्यायचे. म्हातारा किती मायाळू झाला, असं गाव म्हणू लागलं. मला हसू आवरत नसे.

सीतादहीच्या सकाळी गाव असंच पार झालं. दहीभाताची टोपली घेऊन मी मागे होते. पुढे नुसता धुरा, म्हणजे शेताचा बांध, ना घर ना ओटा. शेत समोर दिसत होतं आणि मामाजी थांबले. छाती वरखाली होत होती. मी घाबरले.

"सूनबाई, आता तूच... बोल."

लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी हो-नाहीपलीकडे बोलले नव्हते. मनात होतं तेच बाहेर पडलं. "मामाजी, मले शिलाई मशीन पाहिजे." मग जी सुटले ती सुटलेच. थांबत, चालत, पुन्हा थांबत आम्ही शेतात पोचलो. त्यांनी आपल्या हातानं नैवेद्य दाखवला तेव्हा मला रडू आलं, आनंदानं.

मग ते धुऱ्यावर टेकले. श्वास सावकाश जागेवर आला.

"आर्वीले जाऊ मशीन पाहाले," ते म्हणाले. "पन यष्टीनं. पायी गेलो त तुयं बोलनं सरनार नाई."