टिकल्यांची अरुंधती

ट्रंक उघडताच डांबरगोळ्यांचा वास आला आणि बाबांच्या फोटो स्टुडिओतला काळा पडदा हाती लागला. हिंगणघाटात लग्नं दिवसा लागायची, म्हणून नवरदेव नवरीला या पडद्यावरची अरुंधती दाखवायचा आणि बाबा फोटो काढायचे. सप्तर्षी आणि वसिष्ठाजवळची इवलीशी अरुंधती आईनं टिकल्या शिवून केली होती.

मी सातवीत असताना, पडदा झटकता झटकता आई म्हणाली, "मले अरुंधती दिसून नाई राह्यली."

अरुंधती दिसेनाशी झाली की माणूस सहा महिन्यांत जातं, असं म्हणतात. मी घाबरून तिचं बोट टिकलीवर टेकवलं. "हे पाय, इथंच हाये."

"हो, दिसली," ती माझ्याकडे बघत म्हणाली.

दिवाळीला ती नव्हती.

आज पडदा उन्हात धरला. सप्तर्षी अजून चमकतात. अरुंधती मला बोटांनी चाचपावी लागली.