चार ओळींची जागा

परब मामांना "कसे आहात?" असं सहज विचारण्याची चूक मी एकदाच केली, कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात. मुलुंडच्या आमच्या कॉलेजात तिसऱ्या मजल्यावर मानसशास्त्राची लॅब होती आणि मामा तिथले शिपाई. असं विचारलं की माणूस "मजेत" म्हणतो आणि आपण पुढे जातो, अशी माझी समजूत. मामांनी हातातला फडका टेबलावर ठेवला, डोळे मिटले आणि अर्ध्या मिनिटाने सांगितलं, "डाव्या पोटरीत ओढल्यासारखं. तोंडात चहाची चव, ती पण आता जातेय. जिन्यावर कोण येतंय तिकडे कान. बस, एवढंच." मग फडका उचलून ते कामाला लागले. मला लेक्चरला उशीर झाला.

हे वळण त्यांना आमच्या विभागप्रमुख टिपणीस बाईंनी लावलं होतं. बाई दरवर्षी पहिल्या तासाला सांगत, की मानसशास्त्राची सुरुवात जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत झाली. तिथले प्रोफेसर माणसाला खुर्चीत बसवायचे, दिवा दाखवायचे, ठोका ऐकवायचे आणि आत काय झालं ते सांगायला लावायचे. याला अंतर्निरीक्षण म्हणतात. त्यांचा एक शिष्य पुढे अमेरिकेत गेला आणि त्याने नियम आणखी कडक केला. सफरचंद दिसलं तरी 'सफरचंद' म्हणायचं नाही. लाल, गोल, चकचकीत, एवढंच म्हणायचं. या विचाराला रचनावाद असं नाव पडलं आणि काही वर्षांत तो सगळ्या जगातून हद्दपार झाला. मुलुंडला तेवढा टिकला, कारण बाईंना प्रयोग दाखवायला खुर्चीत बसणारं कोणीतरी लागायचं आणि मामा कायम हजर असायचे.

खुर्चीत बसणाऱ्या माणसाला आमच्या विषयात 'प्रयुक्त' म्हणतात. विद्यार्थ्याने आपला प्रयुक्त बाहेरून आणायचा, असा नियम होता. तो ऐन वेळी यायचा नाही, मग मामा बसायचे. स्मरणाच्या प्रयोगाला ते अगदी निरुपयोगी. यादी गुंडाळलेल्या फिरत्या ढोलाच्या खिडकीत एकेक निरर्थक अक्षरगट यायचा, तो यायच्या आधीच ते सांगायचे, "ही यादी माका तुझ्या जन्माआधीपासून पाठ आहे. दुसरी लाव."

बाई शिकवत असताना ते दाराशी स्टुलावर बसून ऐकत. पंचवीस वर्षं तोच अभ्यासक्रम ऐकून त्यांची मतं पक्की झाली होती. वर्तनवाद्यांवर त्यांचा राग होता. "आतलं विचारूच नका म्हणतात, माणूस करतो काय तेवढं बघा. आमच्या चाळीत सगळे हेच करतात. परब जेवला ना, मग परब बरा आहे." मनोविश्लेषण मांडणाऱ्या व्हिएन्नाच्या डॉक्टरांबद्दल मात्र ते जपून बोलत. "माणूस सांगतो ते खरं नसतं, खरं खाली दडलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. असेल बाबा. पण आधी त्याला सांगू तर द्या." एकदा समष्टिवादाचा तास झाला. अख्खी गोष्ट तिच्या तुकड्यांच्या बेरजेहून वेगळी असते, असं ठणकावणारी ही मंडळी. मी मामांना चिडवलं, "मामा, तुमची पार्टी हरली." त्यांनी शांतपणे विचार केला. "तिरफळ वेगळं, खोबरं वेगळं असं कोण खातो? बरोबर आहे त्यांचं. पण कालवण बिघडलं की काय जास्त पडलं ते शोधायचं कसं?"

जर्नलमध्ये प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी चार ओळी मोकळ्या असत. प्रयुक्ताला काय वाटलं ते त्याला विचारून तिथे लिहायचं. या चार ओळी आम्ही सगळे एकाच पद्धतीने भरत असू, म्हणजे मागच्या वर्षीच्या जर्नलमधून. 'सुरुवातीला प्रयोग सोपा वाटला. मध्ये थोडा कंटाळा आला. शेवटी प्रसन्न वाटले.' शेवटच्या वर्षी प्रतिक्रियेचा वेळ मोजायच्या प्रयोगात माझे प्रयुक्त मामा होते. लाल दिवा लागला की बटण दाबायचं, वीस वेळा. मी आकडे टिपले आणि त्यांना काही न विचारता पळाले, कारण खाली मैत्रिणी वडापावच्या गाडीवर थांबल्या होत्या. घरी जाऊन 'प्रसन्न वाटले' लिहून टाकलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी जर्नलवर बाईंची सही लागायची. सही नसेल तर परीक्षेला बसता येत नसे. जर्नलं बाईंच्या केबिनमध्ये नेऊन द्यायचं काम मामांचं. दुपारी चारपर्यंत सगळ्यांची सही होऊन आली, माझं आलं नाही. लॅबमध्ये गेले तर ते मामांच्या मांडीवर उघडं होतं.

"त्या दिवशी माका प्रसन्न वाटत नव्हतं, बाय. तेवढं बदल."

"मामा, कोण वाचतंय ते? बाई पाचला निघतात. प्लीज ना."

"मी वाचलं ना."

मला त्यांचा भयंकर राग आला. माझं वर्ष जायची वेळ आली होती आणि हा माणूस एका शब्दावर अडून बसला होता. पेन काढून मी म्हटलं, "बरं, मग काय वाटत होतं? दुःख झालं होतं? तसं लिहिते."

"दुःख हे नाव झालं. नाव नको. मी सांगतो तसं लिही." त्यांनी डोळे मिटले. "पहिले पाच-सहा दिवे नुसते दिवे. सातव्याला बटण दाबलं, पण बोट आपलं वाटलं नाय. शर्टाच्या खिशापाशी गरम. आत कागद होता. कागद कधी गरम असतो? पण गरम. गळ्याशी दाब, येतो नि जातो. लाल दिवा लागला की लाल काठाची साडी दिसते. दिवा गेला तरी साडी जात नाय. म्हणून अकराव्याला उशीर झाला. तू लिहिलायस बघ."

मी मागचं पान उलटलं. अकरावा आकडा बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट होता. त्याच्यापुढे माझ्याच अक्षरात होतं, 'प्रयुक्ताचे लक्ष नव्हते.'

"कसला कागद, मामा?"

कागद मामींच्या तपासणीचा होता. आता फार काही करता येणार नाही, हे डॉक्टरांनी त्या दिवशी सकाळी मामांना एकट्याला बोलावून सांगितलं होतं. तिथून ते थेट लॅबमध्ये येऊन माझ्यासाठी खुर्चीत बसले होते. मामींना त्यांनी अजून सांगितलं नव्हतं, मुलीलाही नाही.

"माका कोणी विचारलं नाय गो. सगळे विचारतात ती मामीची तब्येत. तुझ्या पुस्तकात माझ्यासाठी चार ओळी जागा होती. त्यात तू भलतंच भरलंस."

ते रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. मला त्याआधी स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी खोडलं आणि त्यांनी सांगितलं तसं सगळं लिहिलं. चार ओळींत ते मावलं नाही, समासात गेलं. पाचला दहा मिनिटं असताना बाईंनी खांद्याला पर्स लावून ते उभ्याने वाचलं. मग पर्स खाली ठेवली आणि बसून पुन्हा वाचलं. सही केली आणि त्या लॅबकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या पानावर लाल शाईने शेरा मारला, 'अहवाल दिलेल्या जागेत बसवावा.'

मामी त्यानंतर सहा महिने होत्या. मी पुढे त्याच लॅबमध्ये शिकवायला लागले. ढोल आणि दिवे कपाटात गेले, कॉम्प्युटर आले. आता प्रयोग संपला की स्क्रीनवर पाच चेहरे येतात, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, आणि त्यातल्या एकावर क्लिक करायचं असतं. मामांनी चष्मा लावून पाचही चेहरे नीट पाहिले. "ह्यातला मी कुठचा?" त्यांनी विचारलं, आणि फडका घेऊन स्क्रीन पुसली.

निवृत्तीच्या समारंभात प्राचार्य म्हणाले, आज परब मामांना भरून आलं आहे. मामा उत्तराला उठले. "भरून आलेलं नाय. हाराच्या दोऱ्याने मान खाजतेय. आणि तिसऱ्या मजल्यावरची मागची खिडकी उद्यापासून कोण लावणार, तिकडे लक्ष आहे." एवढं बोलून ते खाली बसले. टाळ्या कुठे वाजवायच्या ते कोणालाच कळलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. मामा घाटकोपरच्या घरी पहाटे झोपेतच गेले. ती स्वतः रत्नागिरीहून निघाली होती, ती पोहोचल्यावर दुपारी नेणार होते. तोवर घरी बसून काय करायचं, म्हणून मी कॉलेजला गेले. किंजल नावाच्या मुलीचा प्रयुक्त आला नव्हता. मीच खुर्चीत बसले. लाल गोल दिसला की बटण दाबायचं, वीस वेळा.

स्क्रीनवरचे चेहरे असले तरी माझ्या वर्गात जर्नलमधल्या चार ओळी अजून लिहाव्या लागतात. किंजल पेन घेऊन समोर बसली. "मॅडम, कसं वाटलं?"

"छान," मी म्हटलं. "सोपा वाटला, प्रसन्न वाटलं, लिही."

ती लिहायला लागली. तिचं अर्धं वाक्य झालं असेल.

"थांब. खोड ते."

मी डोळे मिटले. पहिले पाच-सहा गोल नुसते गोल होते, ते सांगितलं. मग खुर्चीच्या हाताचं लाकूड, कोणाच्यातरी कोपरांनी घासून गुळगुळीत झालेलं, गार. गळ्याशी दाब. मागच्या खिडकीची कडी वाजत होती आणि ती लावायला कोणी उठत नव्हतं, तेही सांगितलं. किंजल भरभर लिहीत होती. मग तिचं पेन थांबलं.

"मॅडम, चार ओळी संपल्या."

"समासात लिही," मी म्हटलं.